नॅटच्या तोफा भरणाऱ्या माणसाबद्दल १६ डिसेंबरला काय बोलू?

माणदेशची_लेक | ४ डिसेंबर, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी.

१६ डिसेंबरला आमच्या गावच्या वाचनालयात विजय दिनाचा कार्यक्रम असतो. गाव माण तालुक्यातलं, दुष्काळी. शेतीवर भागत नाही म्हणून पिढ्यान्‌पिढ्या पोरं फौजेत जातात. यंदा समितीने मला पंधरा मिनिटं दिली आहेत, विषय ‘युद्धातले लढाऊ वैमानिक’. मलाच का, तर माझे वडील हवाई दलात होते. गावात निम्म्या लोकांना अजून वाटतं की अण्णा विमान चालवायचे. अण्णा मात्र जन्मभर प्रत्येकाला सांगत राहिले, “मी चालवत नव्हतो, मी भरत होतो.”

ते आर्मरर होते. १९६२च्या चीन युद्धानंतर भरती झाले, तांबरमला ट्रेनिंग झालं आणि पुढची बरीच वर्षं नॅट विमानांच्या एका स्क्वॉड्रनमध्ये काढली. १९६५ आणि १९७१, दोन्ही युद्धांत काम तेच. विमानाच्या दोन तोफा साफ करायच्या, भरायच्या, आणि वैमानिकाने ट्रिगर दाबला की त्या चालतील याची खात्री करायची. निवृत्त झाले तेव्हा सार्जंट होते. तीन वर्षांपूर्वी गेले.

आमच्या देवघराशेजारी एक फोटो आहे, वर्तमानपत्रातून कापून पुठ्ठ्यावर चिकटवलेला. फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग शेखों, १९७१च्या युद्धात हुतात्मा झालेले नॅटचे वैमानिक. दर १४ डिसेंबरला अण्णा पहाटे अंघोळ करून त्या फोटोपुढे निरांजन लावायचे आणि ते शांत होईपर्यंत समोर बसून राहायचे. चौथीत असताना मी विचारलं होतं, हे तुमच्याबरोबर होते का? म्हणाले, “नाही गं. ते अठरा नंबर स्क्वॉड्रनचे, श्रीनगरला. मी त्यांना कधी पाहिलंसुद्धा नाही.” मग दिवा कशाला? तर म्हणाले, “त्यांच्या तोफा चालल्या.”

या एका वाक्याचा अर्थ लागायला मला वीस वर्षं गेली.

नॅट म्हणजे एवढंसं विमान. त्याला दोन बाजूंना मिळून ३० मिलिमीटरच्या दोन एडन तोफा, एकेकीला ११५ राउंड. ट्रिगर सलग दाबून धरला तर पाच-सहा सेकंदांत सगळं संपतं, असं अण्णा सांगायचे. आत जागा इतकी कमी की राउंडचा पट्टा जेमतेम बसायचा, आणि हवेत जोराचं वळण घेतलं की पट्ट्यावर ताण येऊन तोफ अडकायची. नॅटचं हे दुखणं १९६५पासून सगळ्यांना ठाऊक होतं. १९७१च्या डिसेंबरात अण्णांच्या विमानावर तेच झालं. वैमानिक परत आला, खाली उतरला आणि म्हणाला की दोन-चार राउंड गेले आणि दोन्ही बंद पडल्या. पाकिस्तानचं सेबर, त्यांचं लढाऊ विमान, समोर होतं, निघून गेलं. अण्णांना कुणी काही बोललं नाही. त्या वैमानिकाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो चहाला गेला. अण्णा म्हणायचे, शिव्या दिल्या असत्या तर झोप लागली असती.

त्या रात्री त्यांनी दोन्ही पट्टे पूर्ण बाहेर काढले आणि एकेक राउंड हाताने चाचपून पुन्हा भरला. ब्लॅकआउट. टॉर्चच्या काचेवर लाल कागद. हातमोजे घालता यायचे नाहीत, कारण मोज्यांनी लॉकिंग वायर पिळता येत नाही. आईकडे त्याच महिन्यातलं एक आंतरदेशीय पत्र आहे, द्वारा ५६ एपीओ, म्हणजे फौजेच्या टपालाचा पत्ता. मजकूर एवढाच: “इकडे सर्व ठीक. थंडी फार. बोटं चालतात. आईला नमस्कार.” युद्ध सुरू असताना नवरा बोटांबद्दल का लिहितो, हे आईला कधी उमगलं नाही.

आता माझी अडचण. लोक वैमानिकांबद्दल ऐकायला येणार. पुढच्या रांगेत हायस्कूलची मुलं असतील. शेखोंसारख्या माणसाची गोष्ट सांगताना मध्येच माझ्या वडिलांचं नाव घेतलं तर दुसऱ्याच्या हौतात्म्याला आपल्या घरचा मोठेपणा चिकटवल्यासारखं होईल का? आणि नाही घेतलं तर अण्णांना जे आयुष्यभर सांगायचं होतं ते राहून जाईल. कसं सांगू? आणि ज्या गोष्टींबद्दल खात्री बाळगता येईल अशाच गोष्टी मला सांगा. मी मसुद्यात लिहिलंय की शेखोंचं विमान कधी सापडलंच नाही. बरोबर आहे ना?

---

निवृत्त_इंजिन_फिटर | ५ डिसेंबर, सकाळी ६.१०

ताई, तुमचं वाचत बसलो आणि हातातला चहा गार झाला.

आधी चूक दुरुस्त करा. विमानाचे अवशेष सापडले होते, श्रीनगर शहराकडून तळाकडे येणाऱ्या रस्त्याजवळच्या एका घळीत. सापडला नाही तो त्यांचा देह. हवाई दलाने आणि लष्कराने खूप शोधलं. मुलांसमोर हे नीट सांगा, कारण फरक मोठा आहे.

बाकी जे पक्कं आहे ते असं. १९४८ सालच्या आंतरराष्ट्रीय समझोत्यामुळे श्रीनगरला लढाऊ विमानं ठेवता येत नव्हती, ती युद्धाला तोंड फुटल्यावर गेली. म्हणजे शेखोंना ना त्या डोंगरांची सवय, ना त्या उंचीची, ना त्या थंडीची. हे त्यांच्या परमवीरचक्राच्या मानपत्रातच लिहिलं आहे. १४ डिसेंबरला सकाळी सहा सेबर आली. धावपट्टीवर हल्ला सुरू असताना शेखोंनी उड्डाण केलं. त्यांच्या पुढे फ्लाइट लेफ्टनंट घुम्मन निघाले होते. नंतर दोघांची चुकामूक झाली आणि शेखों त्या सगळ्यांत एकटे राहिले. एका सेबरला मार बसला, दुसरं पेटलं. मग संख्येपुढे त्यांचं विमान पडलं. आपल्या हवाई दलात परमवीरचक्र आजवर त्या एकट्यांना.

आता तुमच्या अण्णांबद्दल. मी इंजिन फिटर, १९६९ची भरती. १९७१ला सगळ्यात धाकटा, हंटर विमानांच्या स्क्वॉड्रनमध्ये. अण्णा मला सहा-सात वर्षांनी सीनियर म्हणजे त्यांच्यासमोर मी उभाच राहिलो असतो. एक गोष्ट सांगतो, ती मुलांना सांगा. प्रत्येक विमानाची एक वही असते, आम्ही तिला ‘सातशे’ म्हणायचो, फॉर्म ७००. विमान हवेत जाण्याआधी इंजिनवाला, एअरफ्रेमवाला, इलेक्ट्रिकवाला, इन्स्ट्रुमेंटवाला, आर्मरर, जो जो हात लावतो तो तो त्या वहीत सही करतो. माझ्या भागाचं विमान उडण्यालायक आहे, ही ती सही. सगळ्यात शेवटी वैमानिक वाचतो, सही करतो, आणि मगच ते विमान त्याचं होतं. विंग कमांडर असो की नुकता आलेला फ्लाइंग ऑफिसर, त्याची सही आमच्या सह्यांच्या खाली. तुमच्या अण्णांच्या अशा हजारो सह्या असतील.

दुसरी गोष्ट पिनांची. तोफांच्या, सीटच्या सेफ्टी पिना असतात, लाल पट्टी लावलेल्या. स्क्रॅम्बलची, म्हणजे ताबडतोब उडायची, घंटा झाली की वैमानिक धावत येतो, नाहीतर आधीच कॉकपिटमध्ये बांधलेला असतो. आपण पट्टे आवळायचे, पिना काढायच्या आणि सगळ्या हातात उंच धरून त्याला दाखवायच्या. तो मोजतो. मान हलवतो. मग चोक, म्हणजे चाकांपुढचे ठोकळे, ओढायचे. त्या पाच-सात सेकंदांत दोघांची नजर एकमेकांवर असते, बोलायला कुणाला सवड नसते. मी कितीतरी चेहरे त्या नजरेतच पाहिलेत, त्यापलीकडे त्यांची माझी ओळख नव्हती.

आणि विमानं गेली की काय करायचं? काही नाही. उभं राहायचं, दिशा बघत राहायचं, आवाज आला की मोजायचं. चार गेली होती, एक आलं, दोन आली, तीन आली. तिसऱ्यानंतरची शांतता मला आजही ऐकू येते.

---

बेळगावचा_विनय | ५ डिसेंबर, दुपारी १.२५

माझं मत थोडं वेगळं आहे, स्पष्ट लिहितो, राग नसावा.

विषय वैमानिकांचा आहे तर वैमानिकांवरच बोला. जमिनीवरच्या माणसांचे कष्ट मान्य, पण वर जाऊन परत न येण्याची शक्यता स्वीकारणारा माणूस एकटाच असतो. आपण नेहमी सगळ्यांना थोडं थोडं श्रेय वाटायला जातो आणि ज्याने जीव दिला त्याचं नाव शेवटी कुणाच्याच लक्षात राहत नाही.

उदाहरण देतो. स्क्वॉड्रन लीडर अज्जमाडा देवय्या, कोडगूचे. ७ सप्टेंबर १९६५, पाकिस्तानातल्या सरगोध्याच्या हवाई तळावर हल्ला करायला एक नंबर स्क्वॉड्रनची मिस्टेअर विमानं निघाली. देवय्यांचं नाव राखीव म्हणून होतं, एक जागा रिकामी झाली म्हणून ते गेले. परतताना त्यांच्यामागे स्टारफायटर लागलं, ध्वनीच्या दुप्पट वेगाचं विमान. मिस्टेअरची त्याच्याशी बरोबरीच नाही. मार बसला होता, निघून जायची संधी असेल-नसेल, पण ते वळले आणि त्यांनी ते स्टारफायटर पाडलं. त्याचे वैमानिक अमजद हुसेन पॅराशूटने वाचले. देवय्या नाही. आणि आपल्याकडे हे कुणाला माहीतच नव्हतं! हल्ल्याला गेले आणि बेपत्ता झाले, एवढीच नोंद. पुढे पाकिस्तानच्या बाजूने जी माहिती बाहेर आली तिच्यावरून इथे तुकडे जुळवले गेले आणि १९८८ साली त्यांना महावीरचक्र मिळालं. २३ वर्षांनी. आज मडिकेरीत त्यांचा पुतळा आहे.

ज्याच्याशी लढले त्याने सांगितलं म्हणून आपल्याला कळलं. मला ही गोष्ट फार लागते. म्हणून म्हणतो, पंधरा मिनिटं आहेत तर पाच वैमानिकांची नावं अशी सांगा की पोरांना घरी जाऊन म्हणून दाखवता आली पाहिजेत.

---

निवृत्त_इंजिन_फिटर | ५ डिसेंबर, रात्री ८.०५

विनयराव, राग कसला. देवय्यांचं तुम्ही लिहिलंत ते शंभर टक्के खरं, आणि वर जाणारा एकटाच असतो हेही खरं. आम्ही ते रोज बघत होतो.

पण तुमच्याच गोष्टीतून मला दुसरं दिसतं. देवय्यांना शेवटचं लढताना आपल्या बाजूच्या कुणीच पाहिलं नाही, म्हणून २३ वर्षं लागली. आता बोयऱ्याची लढाई घ्या. २२ नोव्हेंबर १९७१, युद्ध अजून जाहीरही झालं नव्हतं. कलकत्त्याच्या डमडमवरून बावीस नंबर स्क्वॉड्रनची चार नॅट उडाली. मॅसी, गणपती, लाझारस आणि सोअरेस. सेबर आपल्या सैन्यावर आणि मुक्तिवाहिनीवर, म्हणजे बांगलादेशी स्वातंत्र्यसैनिकांवर, मारा करत होती. रडारवर फ्लाइंग ऑफिसर बागची होते. त्यांनी बोलून बोलून ही चार विमानं नेमकी सेबरच्या मागे आणून सोडली. काही मिनिटांत दोन सेबर पडली, तिसरं जखमी होऊन कसंबसं ढाक्याला पोचलं. उड्या मारलेले दोन्ही वैमानिक पकडले गेले, त्यातले परवेझ मेहदी कुरेशी पुढे पाकिस्तानी हवाई दलाचे प्रमुख झाले. आपल्या मॅसी, गणपती, लाझारस यांना वीरचक्र मिळालं.

आता बागची जमिनीवर, अंधाऱ्या खोलीत, काचेवरचे ठिपके बघत होते म्हणून त्यांचं नाव घ्यायचं नाही का? त्या चौघांना विचारलं असतं तर त्यांनी पहिलं नाव बागचींचंच घेतलं असतं, असं मला वाटतं. आणि त्या दिवशीच्या तोफा कुणीतरी आदल्या रात्री भरल्याच होत्या.

वैमानिकांना वेगळं काढून चौथऱ्यावर ठेवलं की ते लांबचे होतात, विनयराव. पोरांना वाटतं तो देवमाणूस होता, आपल्याला काय जमणार. आम्ही त्यांना सकाळी दाढी न करता, थंडीने शिंकताना, सातशे वाचताना ‘यार, पेन दे’ म्हणताना पाहिलंय. तरीही ते गेले. मला ते जास्त मोठं वाटतं.

---

ओझरकर | ५ डिसेंबर, रात्री ११.३०

छोटीशी भर. वडील ओझरच्या एचएएलमध्ये, म्हणजे विमान कारखान्यात, मिग-२१ लढाऊ विमानांच्या जुळणीवर होते. २०२५च्या २६ सप्टेंबरला चंडीगडला मिग-२१चा निरोप समारंभ झाला तो त्यांनी टीव्हीवर पाहिला, पूर्ण वेळ खुर्चीच्या कडेवर बसून. शेवटची विमानं उतरली तेव्हा म्हणाले, उतरली ना सगळी नीट. माणदेशताई, अण्णांबद्दल नक्की बोला.

---

सदाशिव_पेठ_वाचक | ६ डिसेंबर, सकाळी १०.४०

मुलं हायस्कूलची असतील तर ग्रुप कॅप्टन दिलीप परुळकर यांची गोष्ट हवीच. २०२५च्या ऑगस्टमध्ये ते गेले. मराठी माणूस, आणि आपल्याच मुलांना नाव माहीत नाही.

१९६५च्या युद्धात त्यांचं विमान गोळीबारात सापडलं, उजव्या हाताला जखम झाली. विमान सोडून उडी मार असं लीडरने सांगितलं होतं. त्यांनी ते विमान परत आणलं. (इंजिन फिटरकाका, तुमच्या मोजणीत असं एखादं उशिरा आलेलं विमान असेल ना?) १९७१ला सुखोई-७ चालवताना पडले आणि युद्धकैदी झाले. रावळपिंडीच्या कॅम्पमध्ये आपल्या हवाई दलाचे बारा जण होते, त्यात कामत आणि चाटीही. परुळकरांच्या डोक्यात पहिल्या दिवसापासून एकच विषय, पळायचं. कोठडीच्या भिंतीच्या विटा हळूहळू मोकळ्या केल्या आणि १३ ऑगस्ट १९७२च्या पहाटे, वादळ सुटलेलं असताना, परुळकर, ग्रेवाल आणि हरीश सिंहजी बाहेर पडले.

पुढचं मुलांना हळू सांगा, श्वास रोखून ऐकतील. बसने पेशावर. तिथून खैबर खिंडीत लंडी कोटलपर्यंत. अफगाण सरहद्द जवळजवळ दिसायला लागली. आपण पाकिस्तानी हवाई दलातले, सुटीवर फिरायला आलोय, असं सांगत ते पुढे चालले होते. त्यांच्या नकाशात लंडी खाना नावाचं रेल्वे स्टेशन होतं, तिथून सरहद्द चार पावलांवर. त्यांनी त्या गावाची वाट विचारली आणि तिथेच घात झाला, कारण लंडी खान्याची गाडी १९३२ सालीच बंद झाली होती. बंद पडलेल्या स्टेशनला जायचं म्हणणारी ही तीन माणसं कोण, असा संशय आला आणि पकडले गेले. तिथे जीवावरच बेतलं होतं. परुळकरांनी पाकिस्तानी हवाई दलातल्या स्क्वॉड्रन लीडर उस्मान हमीद यांना फोन लावायला सांगितलं. हे पूर्वी कॅम्पचे प्रमुख होते आणि कैद्यांशी माणुसकीने वागलेले. त्यांच्यामुळे तिघे वाचले. १ डिसेंबर १९७२ला सगळे वाघ्यावरून घरी आले.

उस्मान हमीद यांचं नावही गाळू नका. गावातल्या कार्यक्रमात ते घ्यायला थोडं धैर्य लागेल, पण घ्या.

---

शटल_आजी | ६ डिसेंबर, दुपारी ४.१५

मी तरुणपणी बॅडमिंटन खेळायचे, जिल्हा पातळीवर. आमच्यासाठी दमयंती तांबे म्हणजे मोठं नाव. राष्ट्रीय विजेती, १९७०ची अर्जुन पुरस्कारविजेती. त्याच वर्षी लग्न झालं फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे यांच्याशी. ते सुखोई-७ चालवायचे, बत्तीस नंबर स्क्वॉड्रन. ५ डिसेंबर १९७१ला पाकिस्तानातल्या शोरकोट रोड या हवाई तळावर हल्ला करताना त्यांचं विमान पडलं.

काल ५ डिसेंबर होता. या धाग्यावर दिवसभर लिखाण चाललं होतं आणि कुणालाच तारीख आठवली नाही. म्हणून लिहितेय.

त्यांचा देह मिळाला नाही, ते कैद्यांच्या यादीत नव्हते, परत आलेल्यांतही नव्हते. युद्धाच्या त्या दिवसांत पाकिस्तानातल्या एका वर्तमानपत्रात जिवंत पकडलेल्या वैमानिकांची नावं छापून आली होती. त्यात एक ‘टॉम्बे’ होतं. हे आडनाव असं कुणाचं असणार? त्या एका नावावर एका बाईने पन्नास वर्षं काढली. १९७१नंतर परत न आलेल्या ५४ जणांची यादी आहे. २००७ साली नातेवाईक पाकिस्तानच्या तुरुंगांत जाऊन शोधून आले, कुणी सापडलं नाही. दमयंतीताईंनी जेएनयूच्या क्रीडा विभागात नोकरी केली आणि सरकारदरबारी, न्यायालयात, पत्रकारांसमोर तो एकच प्रश्न विचारत राहिल्या.

शेखोंना परमवीरचक्र मिळालं, देवय्यांना २३ वर्षांनी का होईना मिळालं. तांब्यांच्या बाबतीत त्यांना हुतात्मा म्हणायचं की बेपत्ता, हे घरच्यांनी कुठल्या तोंडाने ठरवायचं? माणदेशची लेक, तुझ्या पंधरा मिनिटांतलं एक मिनिट त्यांना दे. ‘होते’ म्हणू नकोस. नुसतं नाव घे.

---

माणदेशची_लेक | ६ डिसेंबर, रात्री १०.२०

तुम्हा सगळ्यांचं वाचून आईलाही वाचून दाखवलं. ती ८० वर्षांची आहे. शटल आजींचं ऐकताना तिने मला थांबवलं आणि पहिल्यापासून पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, “माझं पत्र तरी येत होतं.”

विनयदादा, तुमचं पटलं. पाच नावं घेणार: शेखों, देवय्या, गणपती, परुळकर, तांबे. मुलांकडून म्हणूनही घेईन. अण्णांचं नाव घेणार नाही असं आता ठरवलंय. सातशेची वही सांगेन, पिना सांगेन, बोटं सांगेन. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

काका, एक काम होतं. अण्णांच्या ट्रंकेत तळाशी एक लोखंडी तुकडा सापडला, बोटाएवढा, दोन कड्या असलेला, एका कडीला थोडा वाकलेला. कशाचा असेल?

---

निवृत्त_इंजिन_फिटर | ७ डिसेंबर, सकाळी ५.५५

ताई, दोन कड्या असतील तर राउंडच्या पट्ट्याचा लिंक असणार. एक राउंड दुसऱ्याला जोडणारा. वाकलेला आहे म्हणताय. वाकलेला लिंक पट्ट्यात गेला तर तोफ अडकते, म्हणून आर्मरर तो हाताने चाचपून बाजूला काढतात.

तो कुठल्या रात्रीचा असेल ते मी सांगू शकत नाही. तुम्ही जे लिहिलंत त्यावरून तुमच्या मनात काय आलं असेल ते माझ्याही मनात आलं.

---

माणदेशची_लेक | १७ डिसेंबर, सकाळी ७.३०

काल कार्यक्रम झाला. वाचनालयाचा हॉल भरून व्हरांड्यात माणसं होती. आई पुढच्या रांगेत, शाल घेऊन. पंधरा मिनिटांची पंचवीस झाली, कुणी थांबवलं नाही.

लंडी खान्याला मुलं खरोखर श्वास रोखून बसली होती. उस्मान हमीद यांचं नाव घेतल्यावर मागे थोडी कुजबुज झाली. तेव्हा आमच्या गावचे एक माजी सुभेदार, ९०च्या घरातले, बसल्या जागेवरून मोठ्याने म्हणाले, “बोल पोरी, बरोबर आहे.” मग कुणी बोललं नाही. तांब्यांचं नुसतं नाव घेतलं आणि एक मिनिट थांबले. घड्याळ बघितलं नाही, आईने मान हलवली तेव्हा पुढे गेले.

अण्णांचं नाव मी घेतलंच नाही. पण तो लिंक टेबलावर ठेवला होता आणि मुलांना हातात घ्यायला दिला. आठवीतल्या एका मुलीने तो बराच वेळ हातात धरला, वाकलेल्या बाजूवरून बोट फिरवत राहिली. शेवटी तिने विचारलं, “बाई, ती सह्यांची वही... विमान परत आलंच नाही तर त्या वहीचं काय होतं?”

मला उत्तर आलं नाही. विचारून सांगते म्हणाले. काका, सोमवारी ती शाळेत मला गाठणार आहे.

---

निवृत्त_इंजिन_फिटर | १७ डिसेंबर, दुपारी १२.१०

तिला सांगा, वही विमानाबरोबर जात नाही, जमिनीवरच राहते. विमान परत आलं नाही की ती त्याच वेळी बंद करतात, वरिष्ठ ताब्यात घेतात आणि कुलपात ठेवतात. त्यानंतर तिच्यात कुणालाही एक अक्षर लिहिता येत नाही.

शेवटच्या भरलेल्या पानावर वर आमच्या सह्या असतात. सगळ्यात खाली त्याची.